विषय : सदोष इंजिन ड्राइव्ह बेल्ट आणि 'घरी बसवला' या कारणाखाली नाकारलेली वॉरंटी

नागपूर
दिनांक : 22 सप्टेंबर 2025

प्रति,
मा. प्रमुख,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या कंपनीचा 6पीके1560 या क्रमांकाचा पट्टा मी 9 मे 2025 रोजी कामठी रोडवरील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून 1,150 रुपयांना पक्क्या बिलावर घेतला. सात आठवड्यांत आणि 2,140 किलोमीटरमध्ये तो भर रस्त्यात तुटला. माझ्या लेखी तक्रारीला 14 ऑगस्ट रोजी आलेल्या आपल्या उत्तरात 'अप्रशिक्षित व्यक्तीने घरी बसवल्यामुळे पट्ट्याला चुकीचा ताण दिला गेला, सबब वॉरंटी लागू होत नाही' असे म्हटले आहे. हे उत्तर मला मान्य नाही.

माझी गाडी सात आसनी डिझेल मिनीव्हॅन आहे. तिच्या या एकाच पट्ट्यावर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र), पॉवर स्टिअरिंगचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर आणि कूलंटचा पंप फिरतो, त्यामुळे पट्टा गेला की गाडी जागची हलवता येत नाही. हा ताण हाताने द्यायचा नसतो, कारण तो देण्यासाठी गाडीत स्प्रिंगचा स्वयंचलित टेन्शनर आहे. बसवणाऱ्याने पान्ह्याने टेन्शनरचा दांडा मागे ओढायचा, पट्टा पुल्यांवरून फिरवून घ्यायचा आणि दांडा हळूच सोडायचा; पुढचा ताण स्प्रिंगच ठरवते. ज्या गाडीत ताण कमीजास्त करायला बोल्टच नाही, त्या गाडीत मी चुकीचा ताण कसा दिला, हे आपण एकदा लिहून कळवावे. शिवाय आपल्याच खोक्यावर पट्टा बसवण्याची चार चित्रे छापलेली आहेत. घरी बसवणे आपल्याला मंजूर नसेल, तर ती चित्रे कोणासाठी आहेत?

रविवार, 11 मे रोजी सकाळी सहाला, ऊन चढण्यापूर्वी, मी काम सुरू केले. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, बॉनेटखालचे स्टिकर पुसट झाले असल्याने जुन्या पट्ट्याच्या वळणाचा मोबाइलवर फोटो काढला आणि पट्टा उतरवल्यावर प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहिली. आयडलर पुलीच्या (पट्ट्याला फक्त वळण देणाऱ्या पुलीच्या) बेअरिंगमध्ये खरखर जाणवली, तेव्हा पुली नवीन आणून बसवली. नंतर स्टीलची फुटपट्टी टेकवून पुल्या एका रेषेत असल्याची खात्री केली आणि पट्ट्याची प्रत्येक रिब (आतल्या बाजूची लांब धार) आपापल्या खाचेत बसली आहे ना, हे टॉर्च धरून पाहिले. गॅरेजमध्ये एवढी सवड कोणी काढत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

त्याच वेळी एक गोष्ट मला खटकली. टेन्शनरच्या अंगावर दोन खुणा असतात आणि दांड्यावरचा काटा त्या दोन्हींच्या मध्ये राहावा लागतो. पट्टा झिजून सैल पडत जातो तसा काटा शेवटच्या खुणेकडे सरकतो. आपला पट्टा बसवला त्याच दिवशी काटा शेवटच्या खुणेपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर होता. म्हणजे कोऱ्या पट्ट्याची सुरुवातच झिजलेल्या पट्ट्याच्या जागेवरून झाली. मी 12 मे रोजी आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून हे सविस्तर सांगितले. मला 'नवीन पट्टा आहे, थोडा बसू द्या, सेट होईल' असे उत्तर मिळाले. सैल असलेला पट्टा वापराने आवळला जातो, हे मी आजवर ऐकलेले नव्हते. तरीही कंपनीच सांगते आहे म्हणून मी गप्प बसलो. त्या फोनची नोंद आपल्याकडे असणार. आपल्या 14 ऑगस्टच्या उत्तरात मात्र तिचा उल्लेखही नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी गाडी सुरू करताना पट्टा किंचाळू लागला. बाटलीतून थोडे पाणी पट्ट्याच्या रिबच्या बाजूवर मारले, तर आवाज एकदम वाढला. पुल्या वाकड्या असत्या तर पाण्याने आवाज काही क्षण थांबला असता. वाढला, याचा अर्थ पट्टा घसरत होता. दिवे आणि एसी चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर लावला, तेव्हा आवाजासरशी व्होल्टेज 13.1 वरून 12.4 वर उतरत होते, म्हणजे घसरणारा पट्टा अल्टरनेटर नीट फिरवत नव्हता. हे सगळे मी 9 जून रोजी आपल्याला ईमेलने कळवले. त्या ईमेलला आजतागायत उत्तर नाही.

दिनांक 29 जून रोजी रामटेकहून परतताना, मनसरच्या अलीकडे, पावसात बॅटरीचा लाल दिवा लागला, स्टिअरिंग दगडासारखे जड झाले आणि तापमानाचा काटा चढू लागला. मी गाडी लगेच कडेला घेऊन बंद केली म्हणून इंजिन वाचले. बॉनेट उघडले तर पट्ट्याच्या कडेची एक रिब सोलून तिचे दोरे पुलीभोवती गुंडाळले गेले होते. गाडीत माझी आई आणि दोन मुले होती, आणि क्रेन येईपर्यंत आम्ही पावणेतीन तास रस्त्याच्या कडेला बसून होतो. जुना पट्टा मी डिकीत टाकून ठेवला असता तर कदाचित वेळ भागली असती. ही चूक माझी, आणि ती मी मान्य करतो.

तो जुना पट्टा घरी खिळ्याला टांगलेला होता. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी आपला तुटका पट्टा कापडी चिकटपट्टीने जोडून त्याच्या शेजारी टांगला. ते म्हणाले, "हा तर लांब आहे जी." आपल्या पट्ट्याचे खालचे टोक 11 मिलिमीटर खाली लोंबत होते, म्हणजे पूर्ण घेरात सुमारे 22 मिलिमीटरचा फरक. दोन्ही पट्ट्यांवर 1560 हाच आकडा छापलेला आहे आणि त्याचा अर्थ मिलिमीटरमधली लांबी असा होतो. तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे असते तर मी शब्दही काढला नसता. पण झिजलेल्या पट्ट्यापेक्षा कोरा पट्टा 22 मिलिमीटरने लांब भरत असेल, तर त्याच्यावर चुकीचा आकडा छापला गेला आहे, असाच निष्कर्ष निघतो. दुसऱ्या कंपनीचा त्याच क्रमांकाचा पट्टा 1 जुलै रोजी बसवला. काटा दोन्ही खुणांच्या मधोमध आहे, व्होल्टेज 14.1 आहे आणि आज 3,000 किलोमीटरनंतरही आवाज नाही. टेन्शनर तोच आहे आणि बसवणारा हातही तोच आहे.

आपण माझा पट्टा तपासणीसाठी मागवला नाही. केवळ दोन छायाचित्रांवरून निर्णय दिला. तुटका पट्टा, बॅच क्रमांक असलेले खोके, बिल आणि व्होल्टेजचे व्हिडिओ माझ्याकडे आहेत. आपल्या प्रतिनिधीने नागपुरात येऊन सहीच्या पावतीवर पट्टा ताब्यात घ्यावा. तो तुटला असल्याने त्याच बॅचचा न वापरलेला पट्टा आयएसओ 9981 या वाहनांच्या पट्ट्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार माझ्यासमक्ष मोजावा आणि जो निष्कर्ष निघेल तो लेखी द्यावा.

पट्ट्याचे 1,150 रुपये, क्रेनचे 4,200 आणि मिस्त्रींची मजुरी 600, असे एकूण 5,950 रुपये मला परत मिळावेत. दुसऱ्या पट्ट्याची किंमत मी मागत नाही, कारण एक पट्टा मला विकत घ्यावाच लागणार होता. त्याच बॅचचे पट्टे दुकानात अजून विकले जात असतील, तर ते तपासून परत मागवावेत, ही मागणी मी पैशांच्या आधी ठेवतो.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत कार्यवाही न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये नागपूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ग्राहक जिथे राहतो तिथेच ती दाखल करण्याची तरतूद या कायद्यात आहे, हे आपल्या विधी विभागाला ठाऊक असेलच. बिल, आपले 14 ऑगस्टचे उत्तर, 9 जूनच्या ईमेलची प्रत आणि दोन्ही पट्टे शेजारी टांगल्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

आपला,
एक ग्राहक
मानेवाडा रोड, नागपूर