फुगे पटतात, विमानं नाही

महोदय,
मुलांसोबत बघायचा अ‍ॅनिमेशनपट म्हणून ‘अप’चं (२००९) नाव हमखास घेतलं जातं. पीट डॉक्टर दिग्दर्शित या चित्रपटाची खरी कमाई म्हणजे सुरुवातीची चारेक मिनिटं. कार्ल आणि एलीचा अख्खा संसार तिथे संवादाविना उलगडतो. सहलीसाठी पैसे साठवलेली बरणी कधी टायर फुटला म्हणून, कधी पाय मोडला म्हणून फोडावी लागते. ती त्याचा टाय बांधते, टाय बदलत जातात, तेवढ्यात वर्षं सरतात. मागे वाजणारी संगीतकार मायकल जियाकिनो यांची धून शेवटी, एली गेल्यावर, नुसत्या पियानोवर संथ होते. (संगीताचं ऑस्कर उगीच नाही मिळालं!)

पुढे म्हातारा कार्ल हजारो फुगे बांधून अख्खं घरच उडवतो. खरं तर साधा हेलियमचा फुगा जेमतेम दहा-बारा ग्रॅम उचलतो. वीस हजार फुग्यांनी अडीचशे किलोही मुश्किलीनं हलतील, घर कुठलं? तरी ते खटकत नाही, कारण ती गंमत आपण आधीच मान्य केलेली असते. खटकतो तो उत्तरार्ध. कार्ल ७८ वर्षांचा. त्याच्या बालपणीच नावाजलेला साहसी प्रवासी, म्हणजे इथला खलनायक मुंट्झ नव्वदीपारच असणार, पण तलवार परजत धावतो! त्याचे कुत्रे विमानं चालवू लागले की जिवाची भीतीच उरत नाही.

पाच-सहा वर्षांच्या मुलांशेजारी मात्र पहिली दहा मिनिटं मोठ्यांनी बसावं. एली कुठे गेली, हा प्रश्न येतोच.

– एक वाचक, ठाणे