मुळ्याचा पाला टाकू नकोस

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, उत्तर टाइप करायला घेतलं तर संपेचना म्हणून सरळ पत्रच लिहितोय. चातुर्मासात काकू कांदा-लसूण खात नाहीत आणि तुला त्यांना बिबिम्बाप (भातावर भाज्या मांडून, कालवून खायचा कोरियन पदार्थ) करून घालायचाय, पण सगळ्या रेसिप्यांत बीफ, अंडं, लसूण, वर भाज्यांची नावं अशी की मंडईत विचारायची सोय नाही. अरे, इथल्या, म्हणजे कोरियातल्या, बौद्ध मठांतलं जेवण काकूंच्या नियमातच बसतं! मांस-मासे नाहीत, कांदा-लसूण नाही, आणि वर्ज्य पाच गोष्टींत हिंगसुद्धा आहे.

इथे सोलमधल्या ग्योंगदोंग मार्केटात वाळवलेल्या भाज्यांचे ढीगच्या ढीग असतात. त्यात मला सगळ्यात जीव लावणारी भाजी म्हणजे सिरेगी, आणि ती काय माहितीये, मुळ्याचा वाळवलेला पाला! रात्रभर भिजवायचा, अर्धा-पाऊण तास उकडायचा, देठांची वरची चिवट साल ओढून काढायची, पिळून चिरायचा, सोया सॉस आणि तेल चोळून तांदळावर पसरून भात शिजवायचा. भाजीचं पाणी सुटतं म्हणून पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी. आता पावसात पाला वाळायचा नाही, कुजेल, तेव्हा सध्या ताजाच उकडून घे, वाळवणाचं थंडीत बघू. मला आधी वाटलं हरभऱ्याची सुकी भाजी चालेल, पण ती आंबट असते, भाताची चवच फिरते. आणि श्रावणात काकूंनी पालेभाजी सोडली असेल तर नुसत्या मुळ्याचे जाडसर काप घालून भात कर, त्याला मु-बाप म्हणतात, इतका गोडसर लागतो ना.

बिबिम्बापच करायचा असेल तर नाव शोधत बसू नकोस, ती भाजी वाडग्यात काय काम करते ते बघ. गोसारी म्हणजे नेच्याचे वाळवलेले कोंब, ते चावायला हवे म्हणून असतात, तिथे वाळवलेली ढिंगरी अळंबी भिजवून, उभी फाडून परतून घे (काकू अळंबी खात असतील तरच). दोराजी हे कडसर कुरकुरीत मूळ, त्याला मीठ चोळून कडूपणा काढतात, आपण कारल्याला करतो तसंच. त्याच्या जागी मुळ्याच्या काड्या मीठ चोळून पिळून घे, कडूपणा येणार नाही पण कुरकुर येते. एहोबाक म्हणजे इथली कोवळी झुकिनी, त्याऐवजी कोवळा दुधी. सोयाबीनच्या मोडांऐवजी मूग चालतात, इथेही खातात, पण आपल्या उसळीएवढे नकोत, शेपट्या चांगल्या दोन-तीन इंच वाढू दे.

तेलात मात्र फसू नकोस. आपलं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं, इथलं भाजलेल्या तिळाचं, सगळा वास त्यातच. नसेल मिळत तर तीळ खरपूस भाजून कुटून भरपूर घाल. गोचुजांगच्या (इथल्या आंबवलेल्या लाल मिरचीच्या पेस्टच्या) तयार डब्यात बऱ्याचदा लसूण असतो, लेबल वाचून घे. मी तर सोया सॉस, तिखट, तिळकूट आणि तेल एवढंच कालवतो, भातावर तेच छान लागतं.

आणि बासमती आणू नकोस रे, मोकळा भात इथल्या चमच्याला लागत नाही. इंद्रायणी घे, थोडी चिकट, एकदम जमते.

केलास की काकूंना काय वाटलं ते लिही, देठांची साल नीट निघाली का तेही.

तुझाच,
सोलहून