जुना कॅमेरा, नवं कार्ड आणि दुकानदाराची मखलाशी

संपादक साहेब, स.न.वि.वि.

सध्या कॉलेजच्या पोरांना जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचं वेड लागलंय, चांगलंय, पण त्यात घालायच्या मेमरी कार्डाचं कोणी नीट सांगतच नाही. पुतणीने 2005 सालचा कॅमेरा घेतला, दुकानदाराने 32 जीबीचं कार्ड गळ्यात मारलं, आत टाकलं की स्क्रीनवर कार्ड एरर, फॉरमॅट पण होईना. परत द्यायला गेलो तर म्हणे पॅकिंग फोडलंय. अहो, पॅकिंग न फोडता कार्ड आत घालायचं कसं?

साधं एसडी कार्ड 2 जीबीपर्यंत, मग 32 पर्यंत एसडीएचसी आणि त्यापुढे एसडीएक्ससी. एसडीएचसी आलं 2006 मध्ये, त्याआधीचे बहुतेक कॅमेरे ते वाचूच शकत नाहीत कारण कार्डात डेटा कुठेय ते शोधायची पद्धतच बदलली, कितीही फॉरमॅट मारा. उलटं मात्र चालतं, नव्या कॅमेऱ्यात जुनं कार्ड सहसा चालून जातं. तिन्हींचा आकार सेम, त्यामुळे खाचेत फिट्ट बसतं आणि गिऱ्हाईक फसतं.

बरं 2 जीबीचं मागितलं तर दुकानवाले हसतात! निदान विकताना कॅमेऱ्यावरचा कार्डाचा लोगो (एसडी की एसडीएचसी) तरी बघा, आणि नाही चाललं तर गुपचूप बदलून द्या की.

- एक वाचक, ठाणे