स्मॉल ग्रुपच्या नावाखाली गर्दी: जिम कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा,
मुख्य कार्यालय, पणजी

विषय: फोंडा शाखेतील सकाळची स्मॉल ग्रुप ट्रेनिंग बॅच

महोदय,

आपल्या फोंडा शाखेत मी सकाळी साडेसहाच्या बॅचला येतो. साध्या मेंबरशिपच्या दुप्पट फी भरली ती एका ट्रेनरकडे जास्तीत जास्त सहा जण असतील या बोलीवर. पावतीवरही तसं छापलंय.

चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यापासून या बॅचला चौदा-पंधरा माणसं असतात. वजनं लावून उचलायचे बारबेल दोनच. आपला नंबर लागेपर्यंत अंग थंड पडतं, मग पुन्हा वॉर्मअप करा.

गर्दी एक वेळ सोसली असती. पण आधीचा ट्रेनर एक वही ठेवायचा: कोणी किती वजन उचललं, किती रेप्स झाले (म्हणजे किती वेळा उचललं), कोणाचा गुडघा कुरकुरतो. पुढच्या खेपेला अडीच किलो वाढवायचे की तेवढ्यावरच थांबायचं, ते वहीवरून ठरायचं. जादा फी मी त्या वहीची भरतो. आता ट्रेनर सारखे बदलतात, नवीन लोक मधेच घुसवले जातात आणि फळ्यावर लिहिलेला एकच वर्कआउट सगळ्यांना. परवा नव्याने आलेल्या एका बाईंच्या हातात थेट डेडलिफ्टचा, म्हणजे वाकून जमिनीवरून उचलायचा, बार दिला. त्यांची पाठ पार गोल झालेली, आणि ट्रेनर दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी बर्पी (उठाबशा-उड्यांचा व्यायाम) मोजतोय. शेवटी मीच म्हटलं, "बाय, बार खाली ठेव आधी." हे बघायचं काम माझं आहे का?

शाखा मॅनेजरना विचारलं तर म्हणतात, जास्त लोक असले की एनर्जी येते. एनर्जीच हवी असती तर झुंबाला गेलो असतो, तो तुमच्याकडे मेंबरशिपमध्ये फुकट आहे. आमच्या जुन्या सहापैकी दोघांनी या वेळी फी भरलीच नाही, याचाही हिशेब करून बघा.

माझी मागणी साधी आहे. बॅच सहावर आणा, ट्रेनर निदान तीन महिने तोच ठेवा, आणि नवख्यांना आधी वेगळ्या बॅचमध्ये बिनवजनाचं स्क्वॉट आणि कंबरेतून वाकणं शिकवा. जमत नसेल तर उरलेल्या मुदतीचे पैसे परत करा. 'पुढच्या पॅकेजमध्ये ॲडजस्ट करू' हे उत्तर चालणार नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पावतीची प्रत जोडली आहे, सदस्य क्रमांक तिच्यावर आहे.

आपला,
साडेसहाच्या बॅचचा एक सदस्य, फोंडा