हेडफोन निम्माच आवाज झाकतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘घरबसल्या समुपदेशन’ अशा जाहिराती हल्ली जागोजागी दिसतात. ऑनलाइन काम करणाऱ्या समुपदेशकांना अडचणीत आणतो तो नेमका हा ‘घरबसल्या’. दोन खोल्यांच्या घरात सासूविषयी बोलायचं कुठे बसून? हेडफोन समुपदेशकाचा आवाज झाकतो, बोलणारीचा नाही. मग गच्ची, जिना, नाहीतर उभी केलेली गाडी. त्यामुळे खुणेचं वाक्य आधीच ठरवावं लागतं. ‘गॅस बंद करून येते’ म्हटलं की कुणी तरी आलंय असं समजायचं आणि पुढचे प्रश्न हो-नाहीत उत्तर देता येईल असेच विचारायचे. चॅटवर लिहिणं त्याहून जोखमीचं, कारण फोन घरात चार हातांत फिरतो.

दर वेळी पहिला प्रश्न ‘कसे आहात’ नसतो, ‘आत्ता कुठे आहात’ असतो. पूर्ण पत्ता, दुसरा फोन नंबर आणि जवळच्या एका माणसाचं नाव हेही विचारून घ्यायचं. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारी व्यक्ती इंदूरला असेल आणि समुपदेशक पुण्यातून ११२ फिरवेल, तर फोन महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात लागतो. म्हणून त्या व्यक्तीच्या भागातल्या पोलीस ठाण्याचा नंबर हाताशी हवा.

शांततेचंही तसंच. खोलीत समोरासमोर अर्धा मिनिट गप्प राहिलं तर माणूस आतून काही तरी वर आणतो. स्क्रीनवर तेवढ्यात ‘ऐकू येतंय ना?’ येतं आणि धागा तुटतो. यावर उपाय साधा आहे: ‘मी गप्प असेन तेव्हा ऐकत असेन, आवाज गेला तर हात हलवा’ हे सुरुवातीलाच सांगणं. रडता रडता कॉल तुटला तर परत फोन कुणी करायचा हेही ठरलेलं असावं; नाहीतर दोघं एकमेकांना लावत बसतात आणि दोघांनाही ‘व्यस्त’ ऐकू येतं. दारूचा वास, थरथरणारा पाय कॅमेऱ्यात येत नाही. ते विचारूनच घ्यावं लागतं.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून सुरू आहे, पण तोही फोन बोलायचा याच घरातून. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेसाठी आरोग्य उपकेंद्रात रुग्णाला डॉक्टरांशी व्हिडिओवर जोडून देतात. त्याच जागेत आठवड्यातून दोन तास, दाराला आतून कडी असलेली एक खोली समुपदेशनासाठी राखून ठेवावी. परिचारिकेने बाहेर बसावं.

— एक समुपदेशक, पुणे