फ्रीहोल्ड देणार म्हणजे नेमके काय देणार? नगरविकास मंत्र्यांस खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळाने भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनी 'फ्रीहोल्ड', म्हणजे मालकी हक्काच्या, करून देण्याच्या चर्चेबद्दल वाशीतील एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव या नात्याने हे पत्र लिहीत आहे. गेल्या रविवारी आमच्या इमारतीतील सदनिका पाहायला एक दांपत्य आले होते. गॅलरी, पाण्याची वेळ, वाहनतळ असे सगळे विचारून झाल्यावर गृहस्थांनी विचारले, "जमीन फ्रीहोल्ड आहे ना?" मी कपाटातून, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला भाडेपट्टा काढून दाखवला. पट्टा १९८४ चा असून मुदत ६० वर्षांची, म्हणजे २०४४ पर्यंतची आहे. ते काही बोलले नाहीत, बोटांवर वर्षे मोजत बसले.

'फ्रीहोल्ड' हा शब्द मुळात इंग्लंडच्या जमीन कायद्यातला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २९ मध्ये भोगवटादार वर्ग १, भोगवटादार वर्ग २ आणि सरकारी पट्टेदार असे आपले शब्द आहेत. वर्ग १ चा भोगवटादार जमीन कायमची धारण करतो आणि ती विकायला त्याच्यावर बंधन नसते. आपल्याकडे लोक ज्याला फ्रीहोल्ड म्हणतात, त्याच्या सर्वांत जवळची स्थिती हीच. वर्ग २ चा भोगवटादारही जमीन कायमचीच धारण करतो, मात्र हस्तांतरणावर निर्बंध असतात. तेव्हा मुदत काढणे आणि परवानगीची अट काढणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि चर्चेत ती हमखास एकत्र कालवली जातात. पट्टा ६० चा ९९ वर्षांचा केला, तर आमच्या नातवंडांची काळजी मिटेल. पण सदनिका विकताना सिडकोचा ना हरकत दाखला आणि हस्तांतरण शुल्क तसेच राहिले, तर आम्ही पट्टेदारच राहू.

परवानगीच्या या अटीला कायद्याचा आधार आहे, हे मी नाकारत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १० नुसार जमीन घेणाऱ्याला ती पुढे देण्यास पूर्ण मज्जाव करणारी अट शून्य ठरते. मात्र भाडेपट्ट्यात पट्टा देणाऱ्याच्या हितासाठी अशी अट घालता येते. मालक आणि पट्टेदार यांच्यातला खरा फरक मला या एका अपवादात दिसतो.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे व रायगड जिल्ह्यांतील गावांच्या जमिनी संपादित झाल्या. पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के योजनेत, म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याच्या योजनेत, भूखंड मिळाले, तेही भाडेपट्ट्यानेच. पिढ्यान्‌पिढ्या सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आपल्याच गावात मुदतीचा पट्टेदार झाला, हे मला आजही खटकते, आणि फ्रीहोल्डच्या निर्णयात त्याचा विचार आमच्याआधी व्हावा असे माझे मत आहे.

फ्रीहोल्ड झाले म्हणजे सगळे रान मोकळे, असा आमचा समज नाही. मालमत्ता कर, विकास नियंत्रण नियम आणि सार्वजनिक कामासाठीचे भूसंपादन वर्ग १ च्या जमिनीलाही लागू असतेच. माझे थोरले बंधू ठाण्यात नौपाड्यात राहतात. त्यांच्या संस्थेला जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचे हस्तांतरण) मिळाले आहे. तेथेही जमीन संस्थेच्या नावावर आहे, सदनिकाधारकाच्या नव्हे. परंतु सदनिका विकताना त्यांना जमिनीच्या जुन्या मालकाच्या दारात जावे लागत नाही.

म्हणून विनंती अशी की, शासन निर्णयात 'फ्रीहोल्ड' एवढाच शब्द न घालता जमिनीची मालकी संस्थेकडे जाणार की नाही, हस्तांतरण शुल्क आणि ना हरकत दाखला कायमचा रद्द होणार का, त्यासाठीचे अधिमूल्य (प्रीमियम) एकदाच घेणार का आणि मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डावर) धारणाधिकार, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे ते, काय लिहिला जाणार, हे स्पष्ट मराठीत नमूद करावे. ते दांपत्य पुढच्या रविवारी पुन्हा येणार आहे, आणि कपाटात दाखवायला माझ्याकडे अजून तोच पट्टा आहे.

आपला नम्र,
सचिव, एक गृहनिर्माण संस्था, वाशी