आवाहन : ट्रंकेतले जुने कागद रद्दीत घालण्याआधी वाचनालयात आणा

सप्रेम नमस्कार.

चार शताब्द्या ओळीने येऊ घातल्या आहेत. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, त्याला २०२७ मध्ये शंभर वर्षे होतील. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. तिची शताब्दी २०२९ मध्ये. मग १४ मार्च २०३१ ला देशातला पहिला बोलपट ‘आलम आरा’, आणि ६ फेब्रुवारी २०३२ ला पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’.

या निमित्ताने वाचनालयाने काहीतरी करावे, असा सभासदांचा आग्रह आहे. तसबिरीला हार, नारळ, पाहुण्यांचे भाषण, चहा आणि आभार हा कार्यक्रम आमच्या अंगवळणी पडला आहे. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनी तो आम्ही करतोच. पण दुसऱ्या दिवशी सतरंज्या गुंडाळल्या की हाती काही उरत नाही. म्हणून या वेळी कार्यकारी मंडळाने वेगळे ठरवले आहे. आपल्या गावात आणि पंचक्रोशीत नाटक, सिनेमा आणि रेडिओ कधी आला, कसा आला, याचा संग्रह वाचनालयात उभा करायचा. त्यासाठी घरातले जुने कागद हवेत, आणि थोडी वर्गणी.

कागदच का, असे कुणी विचारेल. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तो कसा दिसत होता हे आपल्याला कळते ते छायाचित्रांवरून, जाहिरातींवरून. ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण स्वरूपात उरलेला नाही. आपल्या देशात हजारावर मूकपट निघाले, त्यांतले हाताच्या बोटांवर नाही तरी फार थोडे शिल्लक आहेत. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फिल्म (जुन्या चित्रपटांची, चटकन पेट घेणारी) ठेवलेल्या गोदामाला आग लागली, त्यात प्रभातच्या चित्रपटांचा जुना ठेवाही गेला. फिल्म जळते, सडते, विकली जाते. तिचे हँडबिल मात्र कुणाच्या तरी ट्रंकेच्या तळाशी अंथरलेले सापडते.

एका सभासदाने नुकतेच असे एक आणून दिले. पतंगाचा असतो तसा पातळ गुलाबी कागद, शाई मागच्या बाजूला फुटलेली, वर मोठ्या टायपात ‘शनिवारपासून रोज दोन खेळ’, खाली ‘स्त्रियांची बसण्याची स्वतंत्र व्यवस्था’. वार आहे, तारीख आहे, सालाचा पत्ता नाही. छापणाऱ्याला वाटले असणार, साल कशाला, सगळ्यांना ठाऊकच आहे! आता वार आणि तारीख जुळवून साल काढायचे. (गंमत म्हणजे ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हाही शनिवार होता, आणि वर सांगितलेल्या दोन्ही बोलपटांच्या वेळीही शनिवारच. शुक्रवारची सवय नंतरची.) वार-तारखेची तीच जोडी काही वर्षांनी पुन्हा येते, त्यामुळे एकट्या हँडबिलावरून साल नक्की होत नाही. त्याच खेळाचे तिकीट, मागे पेन्सिलीने लिहिलेला हिशेब, एखादे पत्र असे काही सोबत मिळाले तर होते. म्हणून आपल्याला क्षुल्लक वाटणारा कागदही दाखवा.

काय काय चालेल? चित्रपटाच्या गाण्यांच्या पुस्तिका, संगीत नाटकांच्या पदांची पुस्तके, तिकिटांचे फाटके तुकडे, टुरिंग टॉकीजच्या तंबूचे फोटो, गणेशोत्सवातल्या हौशी नाटकांच्या जाहिराती, तबकड्या आणि त्यांची पाकिटे. रेडिओसाठी पूर्वी पोस्टातून लायसन काढावे लागे. ते पुस्तक अजून असेल तर जरूर आणा; या घरात रेडिओ कोणत्या साली आला, याचा त्याहून चांगला पुरावा नाही. कागद कायमचा द्यायचा नसेल तर हरकत नाही. आम्ही तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत करू.

एक कळकळीची विनंती. आणण्याआधी कागद ‘नीट’ करू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा काढता येत नाही. मागचे पेन्सिलीचे आकडे खोडू नका. आणि जुन्या फिल्मची रिळे घरात असतील तर ती उचलून आणू नका, आधी नुसते कळवा. १९५० च्या आधीची रिळे नायट्रेटची असू शकतात. ती पेटली की पाण्यातही विझत नाहीत. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती नंतरच्या प्रकारची फिल्म, पण खराब होऊ लागलेली. दोन्ही बाबतींत जाणकाराला बोलावून मगच हात लावू.

कागदाइतकीच माणसेही हवी आहेत. थिएटरात ऑपरेटर, डोअरकीपर, तिकीट खिडकीवर काम केलेले, नाटकाला पेटी-तबल्याची साथ केलेले कुणी घरात असतील तर सांगा. एसटीने येणारी चित्रपटाची पेटी उशिरा आल्यावर पब्लिक कसे सांभाळले, एकाच पेटीवर दोन गावांत खेळ कसा चालवला, हे कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. आम्ही घरी येऊन त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करू. ज्येष्ठांना वाचनालयाचा जिना चढायला लावणार नाही.

आता वर्गणीचे. मोठ्या आकाराचा स्कॅनर, आम्लविरहित कागदाची पाकिटे, दोन लोखंडी कपाटे आणि ध्वनिमुद्रणाचे साधन, एवढी यादी आहे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले मुंबईत ‘मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले होते. आमच्याकडे उभे करायला तसे कुणी नाही, त्यामुळे आपल्या दारात आम्हीच उभे राहणार. शंभर रुपयेही चालतील. प्रत्येक रकमेची पावती मिळेल, जमाखर्च दर तीन महिन्यांनी सूचना फलकावर लागेल. देणगीवर आयकरात सवलत मिळण्याची सोय सध्या आमच्याकडे नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पैशांऐवजी कुणी जुने पण चालू स्थितीतले कपाट दिले तर तेही घेऊ. मोडी वाचता येणाऱ्यांनी आठवड्यातून एखादी संध्याकाळ दिली तर फारच बरे.

कागद आणि वर्गणी वाचनालयाच्या वेळेत ग्रंथपालांकडे द्यावी. सोमवारी वाचनालय बंद असते. कागद कुणाच्या घरातला, कुठे सापडला, हे चिठ्ठीवर लिहून सोबत द्यायला विसरू नका. पहिली मांडणी नभोवाणी शताब्दीला करायची असल्याने रेडिओसंबंधीचे साहित्य सर्वांत आधी आणावे.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ, सार्वजनिक वाचनालय